डिस्नेलँडपासून चालत किती? सासूबाईंच्या पायांनी मोजा

पत्र सॅन होजेहून आलंय. पत्र लिहिणाऱ्या ताईंचे सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मुलांच्या शाळेला पूर्ण सुट्टी आहे, तेव्हा सगळ्यांनी गाडीने लॉस एंजेलिसजवळच्या अनाहाइमला जायचं आणि तीन दिवस डिस्नेलँड करायचं, असं ठरलंय. दोघं नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि आजी-आजोबा. बुधवारी पोचून रविवारी निघायचं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटं चालतात, मग त्यांना बसावं लागतं. ताईंनी तीन हॉटेलं शोधून ठेवली आहेत. पहिलं पार्कच्या समोर, रस्ता ओलांडला की दार, पण रात्रीला एका खोलीचे १९९ डॉलर आणि नाश्ता नाही. दुसरं त्याच हार्बर बुलेवार्डवर कटेला अव्हेन्यूच्या दिशेला, चालत अर्ध्या मैलाच्या थोडं पुढे. १५९ डॉलर, नाश्त्यासकट. तिसरं पार्कच्या मागच्या अंगाला बॉल रोडवर, ११९ डॉलर, नाश्ता आणि पार्किंग फुकट, आणि जाहिरातीत ठळक लिहिलंय, "डिस्नेलँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर". नवरा म्हणतो, झोपायलाच तर जायचंय, तिसरं घेऊ. सासूबाई म्हणतात, माझ्यासाठी जास्त खर्च करू नका. ताई विचारतात, "स्वस्तही हवंय आणि चालत जाता येईल असंही हवंय. दोन्ही जमतं का, की मी उगाच हट्ट धरतेय?"

ताई, हट्ट अजिबात उगाच नाही. आणि दोन्ही जमतं. मी तुमच्या जागी असते तर दुसरं हॉटेल घेतलं असतं. का, ते नीट सांगते, म्हणजे घरात बोलताना तुमच्या हातात आकडे असतील.

"हॉटेलात झोपायलाच तर जायचंय" हे वाक्य तरुण जोडप्याला लागू पडतं. तुमच्यासारख्या तीन पिढ्यांच्या घराला नाही. चार वर्षांचं मूल आणि गुडघेदुखीच्या आजी सकाळी आठपासून रात्री साडेनऊच्या आतषबाजीपर्यंत सलग पार्कात टिकत नाहीत. दुपारी एक-दोनच्या सुमारास मुलगा रडायला लागतो, सासूबाई "मी इथेच बसते, तुम्ही फिरा" म्हणतात, आणि मग कोणीतरी एक जण त्यांच्यापाशी थांबतो. ते कोणीतरी बहुतेक वेळा सूनच असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. यावर खरा उपाय एकच. दुपारी परत यायचं, जेवायचं, पडदे ओढून दीड-दोन तास झोपायचं आणि संध्याकाळी ताजेतवाने होऊन पुन्हा जायचं. नोव्हेंबरच्या शेवटी तिकडे पावणेपाचलाच सूर्य मावळतो आणि तोवर पार्कात नाताळची रोषणाई लागलेली असते, म्हणजे संध्याकाळची फेरी हाच दिवसाचा सगळ्यात सुंदर भाग. चालत जाण्याच्या अंतरावर हॉटेल घ्यायचं ते या दुपारच्या फेरीसाठी. सकाळी एकदा जाणं आणि रात्री एकदा येणं कुठूनही जमतं. म्हणून प्रत्येक हॉटेलला एकच प्रश्न विचारा: सासूबाई आणि धाकटा, दोघंही इथून दुपारी परत येऊन पुन्हा जाऊ शकतील का?

आता अंतराचं. बुकिंगच्या साइटवर जे अंतर दिसतं ते बहुतेक वेळा पक्ष्याच्या उड्डाणाचं असतं, आणि तेही पार्कच्या मधोमध रोवलेल्या टाचणीपर्यंतचं. आपण मात्र चालतो, आणि ते दारापर्यंत. डिस्नेलँडच्या बाबतीत हा फरक फार मोठा पडतो, कारण पार्कला उत्तरेकडून माणसांसाठी दारच नाही. डिस्नेलँड आणि २००१ मध्ये सुरू झालेलं डिस्ने कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर ही दोन पार्कं समोरासमोर आहेत, मध्ये एक मोठं मोकळं अंगण, आणि दोन्हींची मुख्य दारं त्या अंगणातच उघडतात. अंगणात शिरायचं ते पूर्वेकडून हार्बर बुलेवार्डवरून, नाहीतर पश्चिमेकडून डाउनटाउन डिस्नेच्या दुकानांमधून. बॉल रोड पार्कच्या उत्तरेला, पाठीमागे. तुमचं तिसरं हॉटेल नकाशावर पार्कच्या भिंतीला टेकल्यासारखं दिसतं खरं, पण तिथून निघालेल्या माणसाला अख्ख्या पार्कला वळसा घालून दाराशी यावं लागतं. तुम्ही पाठवलेल्या पत्त्यावरून चालायचा रस्ता काढला तर तो सव्वा मैलाच्या वर जातो. धडधाकट माणसाला पंचवीस मिनिटं. सासूबाईंना, मध्ये दोनदा थांबून, पाऊण तास. आणि हे पार्कात पहिलं पाऊल टाकायच्या आधीचं.

तुम्ही स्वतः हे असं तपासा. मॅपवर हॉटेलचा पत्ता टाका, गंतव्य म्हणून नुसतं "डिस्नेलँड" टाकू नका; हार्बर बुलेवार्डवर पार्ककडे जाणारा जो पादचारी क्रॉसिंगचा सिग्नल आहे, तिथे बोट ठेवून टाचणी रोवा आणि चालण्याचा पर्याय निवडा. आलेल्या मिनिटांची दुप्पट करा. सासूबाई आणि धाकट्याबरोबरचा तुमचा खरा वेळ तो. मग स्ट्रीट व्ह्यू उघडून तो रस्ता एकदा डोळ्यांनी चाला: फुटपाथ सलग आहे का, मध्ये किती सिग्नल, फ्रीवेखालून जावं लागतं का, रात्री दहा वाजता मुलं घेऊन जायला बरं वाटेल का. हार्बर बुलेवार्डचा पार्कसमोरचा भाग सपाट आहे, फुटपाथ रुंद आहेत, आणि आतषबाजी संपली की शेकडो कुटुंबं त्याच रस्त्याने हॉटेलांकडे चाललेली असतात. एकटं वाटत नाही. क्रॉसिंगपाशी आणखी दोन गोष्टींचा वेळ धरा, सिग्नलचा आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेचा. ती रांग समोरच्या हॉटेलवाल्यांनाही चुकत नाही.

"गुड नेबर हॉटेल" असा शिक्का काही हॉटेलांवर दिसेल. तो डिस्नेशी करार असलेल्या हॉटेलांचा आहे. त्याचा अंतराशी संबंध नाही. त्यांतली काही हॉटेलं चांगली दोन-तीन मैल लांब आहेत. "शटल आहे" या शब्दावरही विसंबू नका. शटल कोणाची, दर किती मिनिटांनी, माणशी किती पैसे, दुपारी चालते का आणि रात्री शेवटची किती वाजता, हे फोन करून विचारल्याशिवाय तिला हिशेबात धरू नका. दुपारी दोनला रडणाऱ्या मुलाला घेऊन बस थांब्यावर अर्धा तास उभं राहणं ही स्वस्ताई परवडत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. अमेरिकेतल्या मोठ्या थीम पार्कांच्या दारात साधी, खासगी, परवडणारी हॉटेलं सहसा नसतात. अनाहाइममध्ये आहेत, आणि त्याला कारण आहे. १९५५ मध्ये पार्क उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेंनी संत्र्यांच्या बागांची साधारण १६० एकर जमीन घेतली होती. त्याहून जास्त घ्यायला पैसे नव्हते. पार्क चाललं आणि बघता बघता समोरच्या रस्त्यावर दुसऱ्यांची मोटेलं उभी राहिली. याची त्यांना इतकी खंत होती की पुढे फ्लोरिडात त्यांनी आधीच २७ हजार एकरांच्या वर जमीन घेऊन ठेवली. म्हणून ऑरलँडोला पार्कच्या दारात दुसऱ्याचं साधं, स्वस्त हॉटेल सहसा सापडत नाही आणि अनाहाइमला हार्बरच्या पूर्वेच्या बाजूला ओळीने सापडतं: बेस्ट वेस्टर्न प्लस पार्क प्लेस, पार्क व्ह्यू, ट्रॉपिकाना, थोडं उत्तरेला फेअरफील्ड, कोर्टयार्ड, हॉवर्ड जॉन्सन. या जागेची किंमत या मंडळींना पक्की ठाऊक आहे. डिस्नेने हार्बरवरून थेट पार्कात नेणारा पादचारी पूल बांधायची योजना काढली होती, त्यात समोरच्या हॉटेलांच्या पाहुण्यांना उलटा वळसा पडणार होता. हॉटेलवाले विरोधात उभे राहिले आणि त्या वेळी ती योजना बारगळली. तेव्हा समोरच्या ओळीतलं हॉटेल चाळीस डॉलर जास्त का मागतं, तर त्या सिग्नलपाशी असण्याचे. खोल्या तशाच साध्या असतात.

आता पैशांचं बोलू. तुम्ही सहा जण आहात, आणि अशा हॉटेलांत दोन क्वीन पलंगांच्या खोलीत सहसा चारच माणसांना परवानगी असते. म्हणजे दोन खोल्या. चार रात्री, दोन खोल्या, आठ भाडी. त्यावर अनाहाइम शहराचा १५ टक्के हॉटेल कर आणि २ टक्के पर्यटन आकार, मिळून १७ टक्के. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून रिसॉर्ट फीसारखे सक्तीचे आकार जाहिरातीतल्या भावातच धरावे लागतात, पण सरकारी कर वेगळा दाखवायला मुभा आहे. त्यामुळे तुमच्या यादीतले भाव हे शेवटचे भाव नाहीत.

करासकट तुमचं पहिलं हॉटेल पडतं सुमारे १८६३ डॉलरला, दुसरं १४८८ ला आणि तिसरं १११४ ला. तिसऱ्याहून तुम्हाला रोज गाडी न्यावी लागणार, आणि डिस्नेलँडचं पार्किंग दिवसाला पस्तीस-चाळीस डॉलर आहे. तीन दिवसांचे १२० धरले तर तिसरं १२३४ वर येतं. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्यात खरा फरक २५५ डॉलरच्या आसपास. दिवसाला पंच्याऐंशी. आता दुपारच्या जेवणाचा हिशेब करा. पार्कात साधं जेवलं तरी माणशी पंधरा-वीस डॉलर लागतात. सहा जणांचे शंभरच्या पुढेमागे, आणि त्यात सासूबाई-सासऱ्यांना रुचेल असं शाकाहारी काय मिळेल याची शोधाशोध वेगळी. तेच तुम्ही दुपारी खोलीवर आलात, मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेली खिचडी, लोणचं, पापड खाल्लात, की रोजचे ते शंभर वाचले. दुसऱ्या हॉटेलचा जादा खर्च तीन दुपारच्या जेवणांतच निघतो. तिसऱ्या हॉटेलहून दुपारी असं येणं म्हणजे पार्कातून पार्किंगच्या ट्रामपर्यंत चाला, ट्रामने जा, बहुमजली पार्किंगात गाडी शोधा, हॉटेलवर या, आणि संध्याकाळी हे सगळं उलट्या क्रमाने पुन्हा. जाऊन-येऊन तास-सव्वा तास रस्त्यातच. पहिल्या दिवशी कराल, दुसऱ्या दिवशी करणार नाही.

मग पहिलंच का नको? कारण पहिल्या-दुसऱ्यात पावणेचारशे डॉलरचा फरक आहे, वर नाश्ता नाही, आणि तुम्हाला मिळणार काय, तर सात-आठ मिनिटांची बचत. ती सात-आठ मिनिटं सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मोलाची आहेत, हे मी विसरलेले नाही. पण त्यावर पावणेचारशेपेक्षा स्वस्त उपाय आहे.

तुम्ही गाडीने जाताय. घडीची व्हीलचेअर घेऊन जा. बे एरियात प्रत्येक मराठी घरी आई-वडील येऊन जातात, आणि कोणाच्या ना कोणाच्या गॅरेजमध्ये घडीची व्हीलचेअर पडून असते. मंडळाच्या ग्रुपवर आज विचारलंत तर दोन दिवसांत मिळेल. पार्कातही भाड्याने मिळते, पण ती हॉटेलपर्यंत नेता येत नाही. दारापर्यंतची आणि रात्री परतीची चाल तुमच्या पायांवरच राहते, आणि रात्री दहा वाजता दुखऱ्या गुडघ्यांना तीच चाल सगळ्यात जड जाते. स्वतःची खुर्ची असेल तर हॉटेलच्या खोलीपासून पार्कातल्या बाकापर्यंत आणि परत, कुठेच प्रश्न नाही. सासूबाई सुरुवातीला "मी काय आजारी आहे का" म्हणतील. त्यांना असं सांगा की बाग खूप मोठी आहे, थकल्यावर बसायला बरोबर असू दे; हवं तेव्हा चाला, हवं तेव्हा बसा. पिशव्या तर तिच्यावर ठेवताच येतात. संध्याकाळपर्यंत त्या स्वतःहून बसतील. धाकट्यासाठी स्ट्रोलरही न्या, चार वर्षांचा असला तरी. फक्त तो ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठा नको. ओढायच्या कापडी गाड्या अनेक घरी असतात, त्या पार्कात चालत नाहीत.

आता दुसऱ्या हॉटेलला फोन करा. ईमेल नको, साइटवरचा चॅट नको. हॉटेलच्या फ्रंट डेस्कलाच फोन. काय विचारायचं ते सांगते.

लिफ्ट आहे का? हार्बरवरची बरीच जुनी मोटेलं दोन-तीन मजली, बाहेरच्या व्हरांड्याने खोलीत शिरायची, आणि काहींना लिफ्ट नाही. नसेल तर तळमजल्याची खोली लेखी मागा. दोन खोल्या शेजारी-शेजारी, जमल्यास मधलं दार असलेल्या.

बाथरूममध्ये टब आहे का शॉवर? या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि आपल्या वडीलधाऱ्यांना सगळ्यात मोठा त्रास इथेच होतो. अमेरिकेतल्या साध्या हॉटेलांत आंघोळ टबमध्ये उभं राहून करायची असते. टबचा काठ गुडघ्याच्या जवळपास उंच, आतला तळ ओला आणि गुळगुळीत, आणि धरायला प्लॅस्टिकचा पडदा. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने एक पाय उचलून त्या काठावरून टाकायचा म्हणजे रोज सकाळी जीव मुठीत. सासूबाई तुम्हाला सांगणारही नाहीत, नुसतं तोंड धुऊन बाहेर येतील. म्हणून आजी-आजोबांची खोली "वॉक-इन शॉवर" असलेली मागा, भिंतीला धरायचे दांडे असलेली. अपंगांसाठीच्या सोयीच्या खोल्या प्रत्येक हॉटेलात थोड्याच असतात, पण त्या साधारण त्याच भावात मिळतात आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी ती मागण्यात काही संकोच नको. नाहीच मिळाली तर रबरी चटई आणि प्लॅस्टिकचं स्टूल घरून न्या. आणि एक मग न्या. तो कुठल्याच हॉटेलात नसतो आणि पहिल्या सकाळी सगळ्यात आधी त्याचीच आठवण होते.

खोलीत फ्रिज आणि मायक्रोवेव्ह दोन्ही आहेत ना, हे विचारा. काही ठिकाणी मायक्रोवेव्ह फक्त लॉबीत असतो. राइस कुकर किंवा इंडक्शन लावायला बहुतेक हॉटेलांत मनाई असते, आणि फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो, त्यामुळे तो विचार सोडा. घरून डब्यात खिचडी, पुलाव, परतलेली भाजी गोठवून शीतपेटीत घेऊन गेलात तर पहिले दोन दिवस निघतात. पुढे गरम पाण्याचे उपमा-पोहे, दही, मेतकूट, तिखट-मिठाच्या पुऱ्या. पार्कात घरचं खाणं न्यायला डिस्नेची परवानगी आहे, फक्त काचेचं भांडं चालत नाही, म्हणजे लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत. एखाद्या संध्याकाळी गरम पोळी-भाजीची इच्छा झालीच तर आर्टेशिया गावात पायोनिअर बुलेवार्डवर आपल्या खाण्याची रांगच आहे, अनाहाइमहून गाडीने अर्ध्या तासात. अनाहाइममध्येच ब्रुकहर्स्ट स्ट्रीटवर लिटल अरेबिया ही अरबी दुकानांची वस्ती आहे. तिथलं फलाफल, हमस आणि ताजी रोटी सासऱ्यांना आवडेल.

हॉटेलचं पार्किंग रात्रीला किती, हेही विचारा. हा आकार भावात धरलेला नसतो आणि चार रात्रींचा म्हटला की बोचतो. नाश्ता म्हणजे काय देतात तेही विचारा. कॉफी आणि गोड मफिन असेल तर तो नाश्ता नाही. अंडी, ओट्स, फळं, दही असेल तर सहा जणांची सकाळ निघते.

खोलीचे फोटो बघून भुलू नका, परीक्षणं वाचा, आणि तीही गेल्या सहा महिन्यांतली. परीक्षणांच्या शोधपेटीत "जिना", "आवाज", "चालत" याला इंग्रजीत जे शब्द आहेत ते टाकून बघा. किती तारे मिळाले यापेक्षा चार वेगवेगळ्या लोकांनी एकच तक्रार केली आहे का, ते महत्त्वाचं. ढेकूण, ओल किंवा कुबट वास यांबद्दल अलीकडची दोन परीक्षणं दिसली तर भाव कितीही चांगला असो, पुढे जा. रस्त्यासमोरच्या खोल्यांना रहदारीचा आवाज येतो. दुपारी झोपायचंय, तेव्हा मागच्या बाजूची खोली मागा.

तारखांबद्दल मात्र मला तुमचं मन वळवायचं आहे. बुधवार ते रविवार नको. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार आणि नंतरचे तीन दिवस पार्कात प्रचंड गर्दी असते आणि हॉटेलांचे भाव चढलेले असतात. शाळेला आठवडाभर सुट्टी आहेच, तर आधीच्या शनिवारी निघा, रविवार-सोमवार-मंगळवार पार्क करा आणि बुधवारी पहाटे परत फिरा. पहाटे म्हणजे खरंच पहाटे. त्या दिवशी दुपारी लॉस एंजेलिसच्या बाहेर पडणारी वाहनं ग्रेपवाइनच्या घाटात तासन्‌तास अडकतात. याच तारखांना तिन्ही हॉटेलांचे भाव पुन्हा काढून बघा. बहुतेक खाली आलेले दिसतील, आणि तसं झालं तर वरचा हिशेब दुसऱ्या हॉटेलच्या बाजूने आणखी झुकेल. शनिवारी पोचल्यावर त्याच दिवशी पार्कात जाऊ नका. सॅन होजेहून सहा-सात तासांचा प्रवास करून आलेल्या आजींना संध्याकाळी हार्बरवरून फक्त सिग्नलपर्यंत फिरवून आणा, म्हणजे रस्ता त्यांच्या ओळखीचा होईल. त्यापुढे डाउनटाउन डिस्नेत जायला तिकीट लागत नाही, दिवे आणि गाणी तिथेही आहेत.

तिकिटांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण हॉटेलच्या निवडीशी त्याचा संबंध आहे म्हणून लिहिते. सासू-सासऱ्यांचं तीन दिवसांचं तिकीट काढू नका. एकाच दिवसाचं तिकीट स्वस्तातल्या स्वस्त दिवशी १०४ डॉलरला असतं आणि गर्दीच्या दिवशी दोनशेच्या वर जातं, त्यामुळे त्यांच्यासाठी दोन दिवसांचं काढा आणि मधला दिवस त्यांना मोकळा ठेवा. खोली चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर हे सहज जमतं. ते दोघं सकाळी आरामात उठतील, नाश्ता करतील, पोहण्याच्या तलावाशी ऊन खात बसतील, आणि दुपारी तुम्ही मुलांना घेऊन आलात की सगळे एकत्र जेवतील. हॉटेल लांब असतं तर त्यांना दिवसभर खोलीत अडकल्यासारखं झालं असतं, आणि तुमचा जीव तिकडे लागला असता.

बुकिंग रद्द करता येईल असंच करा, दहा-पंधरा डॉलर जास्त पडले तरी. वयस्कर माणसं बरोबर आहेत. सर्दी-तापानेही बेत पुढे ढकलावा लागतो. आधी एएए (मोटारचालकांची संघटना) आणि कॉस्टको ट्रॅव्हल (कॉस्टको दुकानांची प्रवास-बुकिंगची सेवा) दोन्हीकडे भाव बघा, मग हॉटेलला थेट फोनवर तोच भाव मागा. थेट बुकिंग असलं की तळमजला, शेजारच्या खोल्या, वॉक-इन शॉवर या मागण्या त्यांच्या नोंदीत नीट राहतात. मध्ये एखादी बुकिंगची साइट आली की त्या बऱ्याचदा हॉटेलपर्यंत पोचतच नाहीत. एकदा भाव पक्का केला तरी दर आठवड्याला पुन्हा बघत राहा. खाली आला तर जुनं रद्द करून नवं घ्या. अनाहाइमचं कन्व्हेन्शन सेंटर पार्कच्या अगदी जवळ आहे, तिथे मोठं संमेलन असलं की भोवतालची सगळी हॉटेलं महागतात, म्हणून तारीख बदलण्याआधी त्यांचं वेळापत्रकही बघून घ्या.

सासूबाई म्हणतात, माझ्यासाठी खर्च करू नका. त्यांना हा हिशेब दाखवा: जेवणाचे वाचलेले पैसे, पार्किंगचे वाचलेले पैसे, आणि त्यांच्या तिकिटाचा वाचलेला एक दिवस. त्यांच्यासाठी जास्त खर्च होतच नाहीये, हे त्यांना कागदावर दिसलं पाहिजे, नाहीतर त्या तीन दिवस संकोचातच फिरतील. नवऱ्याला तिसऱ्या हॉटेलहून दारापर्यंतचा चालायचा रस्ता मॅपवर दाखवा आणि विचारा, आईला घेऊन यातून कसं जायचं. मला वाटतं, उत्तर ते स्वतःच देतील.

फोन याच आठवड्यात करा. वॉक-इन शॉवरच्या खोल्या मोजक्याच असतात, आणि त्या आधी जातात.